मुख्य क्रमाची कुळकथा

एखादा तारा जन्मतो, तळपतो आणि विझतो, हे सगळं सलग पाहणारा माणूस झालेला नाही आणि होणारही नाही. तरी ताऱ्याचं बहुतेक आयुष्य कोणत्या अवस्थेत जातं, हे आज आपल्याला पक्कं ठाऊक आहे. त्याची सुरुवात हार्वर्ड वेधशाळेतल्या काचेच्या तबकड्यांवर झाली.

तिथे ताऱ्यांचे वर्णपट तपासण्याचं काम स्त्रिया करत. त्यांतल्या अँटोनिया मॉरींना दिसलं, की एकाच रंगाच्या ताऱ्यांतही काहींच्या वर्णपटातल्या काळ्या रेषा विलक्षण बारीक आणि रेखीव आहेत. १८९७ च्या यादीत त्यांनी अशा ताऱ्यांना ‘सी’ ही वेगळी खूण दिली. संचालक एडवर्ड पिकरिंग यांना मात्र हा भेद भरवशाचा वाटला नाही.

कोपनहेगनमध्ये ती यादी एजनार हर्ट्‌झस्प्रुंग यांनी वाचली. शिक्षणाने ते रसायन अभियंता. ‘सी’ तारे आकाशात जवळजवळ सरकत नाहीत, हे त्यांनी हेरलं. न सरकणारा तारा फार लांबचा. इतक्या लांबून ठळक दिसतो, म्हणजे मुळातच प्रचंड तेजस्वी. म्हणजे एकाच रंगाचे तारे दोन जातींचे निघाले, राक्षसी आणि साधे. १९०५ आणि १९०७ मध्ये त्यांनी हे छापलं, पण छायाचित्रणाच्या नियतकालिकात! खगोलज्ञांच्या ते नजरेलाच पडलं नाही. १९०८ मध्ये त्यांनी पिकरिंगना कळवलं, की हा भेद सोडणं म्हणजे देवमासा आणि मासा एकाच जातीत घालणं.

१९११ मध्ये त्यांनी कृत्तिकांचे तारे रंग आणि तेजानुसार आलेखावर मांडले. १९१३ मध्ये प्रिन्स्टनच्या हेन्री नॉरिस रसेल यांनी स्वतंत्रपणे तसाच आलेख सादर केला. बहुसंख्य तारे एकाच तिरक्या पट्ट्यात बसले. तोच मुख्य क्रम.

तारा थंड होत या पट्ट्यावरून खाली घसरतो, असं रसेलना वाटे. ते चुकीचं ठरलं. १९२० मध्ये आर्थर एडिंग्टन यांनी हायड्रोजनपासून हेलियम बनण्याची शक्यता मांडली. मेघनाद साहांचं समीकरण वापरून १९२५ मध्ये सेसिलिया पेन यांनी ताऱ्यांत हायड्रोजनच मुख्य असल्याचं दाखवलं आणि १९३९ मध्ये हान्स बेथे यांनी त्या ज्वलनाच्या अणुप्रक्रिया उलगडल्या. पट्ट्यावरची जागा वस्तुमान ठरवतं आणि तारा तिथेच जवळपास ठाण मांडतो. गाभा किंचित आकसला की तापतो, ज्वलन वाढतं, गाभा पुन्हा फुगून निवतो. इंधन मुबलक आणि तोल आपोआप सावरणारा. म्हणून ही अवस्था सर्वांत लांब, आणि म्हणूनच तिथे गर्दी. सूर्य दर सेकंदाला सुमारे ६० कोटी टन हायड्रोजन जाळतो, तरी या अवस्थेतली त्याची सुमारे १,००० कोटी वर्षं अजून निम्मीही सरलेली नाहीत. सूर्याच्या दहापट वजनाचा तारा मात्र काही कोटी वर्षांतच तिथून उठतो.

त्या आलेखाला आज हर्ट्‌झस्प्रुंग आणि रसेल यांचं नाव आहे. माझ्या मते त्यात पहिलं नाव मॉरींचं हवं होतं.