जांभळ्या केसांची कुळकथा

साताऱ्याच्या राजपथावर किंवा सांगलीत विश्रामबागेकडे एखादी मुलगी फिकट जांभळे केस मोकळे सोडून चाललेली दिसली, की आपल्या भुवया चढतात. "हे काय नवीन खूळ?" असे आपण म्हणतो. पण या रंगाची कुळकथा मोठी ऐकण्यासारखी आहे.

पूर्वी जांभळा रंग समुद्रातल्या गोगलगायींपासून निघे. १९०९ साली एका शास्त्रज्ञाने बारा हजार गोगलगायी फोडल्या, तेव्हा कुठे दीड ग्रॅमही रंग हाती लागला नाही! म्हणून हा रंग सम्राटांचा. पुढे १८५६ साली लंडनमध्ये विल्यम पर्किन हा अवघ्या अठरा वर्षांचा पोरगा हिवतापावरचे क्विनीन कृत्रिम रीतीने बनवू पाहत होता. क्विनीन काही झाले नाही. उरला काळा गाळ. तो मद्यार्काने धुताना सुंदर जांभळा रंग निघाला. राजाचा रंग असा बाजारात आला, आणि त्यातूनच कृत्रिम रंगांचा धंदा उभा राहिला.

आता केसांवर तो चढतो कसा? आपले केस काळे, त्यांवर फिकट रंग दिसायचा नाही. म्हणून कारागीर आधी केसांतला काळा रंग काढतो. केस तांबूस होतात, मग नारिंगी, शेवटी केळीच्या सालीच्या आतल्या बाजूसारखे फिकट पिवळे. इथे घाई नडते. नारिंगीवर जांभळा लावला, तर मातकट होतो. सांगलीच्या हळदीचा पिवळा आणि जांभळा एकमेकांचे विरोधी. ते एकत्र आले, की एकमेकांचा जोर मोडतात. म्हणून पिवळेपण पुरते फिके झाले, की पांढऱ्या मलमात रंग पातळ करून लावतात. मुळाशी गडद, टोकाशी फिका, आणि मधली कड फणीने पुसट. कासच्या पठारावर कारवीच्या फुलांत छटा मिसळतात ना, तशी! मात्र दोन दिवस आधी कानामागे थोडा रंग लावून पाहावा. खाज किंवा सूज आली तर नाद सोडावा.

आता मूळ मुद्दा. केस कोणाचे, हा प्रश्न आपल्याकडे जुना आहे. ज्यांच्या घराण्याचे मूळ गाव सातारा जिल्ह्यातले कटगुण, त्या जोतीराव फुल्यांचे सहकारी नारायण मेघाजी लोखंडे. त्यांच्या पुढाकाराने १८९० साली मुंबईच्या न्हाव्यांनी ठरवले, की विधवांच्या डोक्यावर वस्तरा चालवायचा नाही. एका बाईच्या केसांचा निर्णय तेव्हा दुसरेच घेत. तो त्या हातांनी नाकारला.

तेव्हा गुरुजनहो, वर्गात अशी मुलगी आली तर तिला हसू नका. रंग चार धुण्यांत फिका पडेल, मुळाशी पुन्हा काळे केस येतील. तिला पर्किनची गोष्ट सांगा, आणि लोखंड्यांचीही.