जुन्नर-आंबेगाव परिसरातील श्रवणसाधने आणि त्यांचे मोल : एक ऐतिहासिक दृष्टिक्षेप

प्रस्तावना : श्रवणसाधन स्वस्त झाले म्हणजे ते सर्वांच्या आवाक्यात आले, असे सामान्यतः मानले जाते. पुणे जिल्ह्याच्या उत्तर भागातील जुन्नर व आंबेगाव या तालुक्यांच्या संदर्भात हे गृहीतक तपासणे उद्बोधक ठरते.

सामूहिक श्रवण : या परिसरात ऐकणे हा मुळात सामूहिक व्यवहार होता. नारायणगाव हे तमाशाचे प्रमुख केंद्र. यात्रांच्या हंगामापूर्वी येथे फडांच्या राहुट्या लागतात आणि गावोगावचे पंच सुपारी ठरविण्यासाठी येतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर (निधन 2002) यांचा आवाज श्रोत्यांनी प्रथम ऐकला तो अशा फडातच. येथे खर्च गावाचा होता आणि श्रवणही गावाचे.

2 ऑक्टोबर 1953 रोजी आकाशवाणीचे पुणे केंद्र सुरू झाले. 1956 मध्ये युनेस्कोच्या साहाय्याने मराठी भाषक पाच जिल्ह्यांतील 150 गावांत शेतकरी श्रोतृमंडळांचा प्रयोग झाला. आठवड्यातून दोनदा, एकूण वीस कार्यक्रम एकत्र ऐकून त्यांवर चर्चा होई. श्रोतृमंडळे असलेल्या गावांत माहितीची वाढ लक्षणीय आढळली. मंडळे नसलेल्या गावांत, रेडिओ असूनही, ती अल्पच राहिली. म्हणजेच केवळ यंत्राची उपलब्धता पुरेशी नव्हती.

व्यक्तिगत मालकी : मर्फी, बुश, फिलिप्स या नावांचे रेडिओ घरात असणे ही प्रतिष्ठेची बाब होती. किमतीखेरीज परवान्याचे वार्षिक शुल्कही टपाल कार्यालयात भरावे लागे. हे बंधन 1980 च्या दशकात संपुष्टात आले. सेलवर चालणाऱ्या ट्रान्झिस्टरला विजेच्या जोडणीची गरज नव्हती. त्यामुळे वीज न पोहोचलेल्या पश्चिमेकडील डोंगराळ, महादेव कोळी वस्तीच्या भागासारख्या प्रदेशांत त्याचे महत्त्व विशेष होते. मात्र सेलचा खर्च सतत चालू राही. फिलिप्सने 1963 मध्ये आणलेल्या कॅसेटचा भारतात 1980 च्या दशकात प्रसार झाला. टी-सीरीजसारख्या कंपन्यांनी किंमत उतरविल्याने भक्तिगीते, भीमगीते व लोकगीते घरोघरी पोहोचली.

कानापुरते श्रवण : 1979 मधील सोनीच्या वॉकमनने हेडफोनला सर्वसामान्यांच्या वापरात आणले. आज स्वस्त इअरफोन व बिनतारी इअरबड सर्वत्र मिळतात. तारेचा इअरफोन सेलशिवाय चालतो आणि तुटलेली तार डाग देऊन जोडता येते. बिनतारी इअरबडमधील चिमुकली बॅटरी मात्र बहुधा बदलता येत नाही; ती क्षीण झाली की संपूर्ण वस्तूच निकामी ठरते. म्हणून निवड करताना नाममुद्रा व विक्रीमूल्य यांबरोबर आयुर्मान आणि दुरुस्तीची शक्यताही विचारात घेणे इष्ट होय.

निष्कर्ष : उपरोक्त विवेचनावरून असे दिसते की, साधनाची किंमत उतरत गेली तसतसे श्रोत्यांचे वर्तुळ गावावरून घरावर आणि घरावरून एका व्यक्तीवर आले. निवडीचे स्वातंत्र्य वाढले, हा निर्विवाद लाभ होय. परंतु ऐकलेल्या गोष्टीवर एकत्र बसून विचार करण्याची जी सवय 1956 च्या प्रयोगात फलदायी ठरली, ती कोणत्याही यंत्राबरोबर विकत मिळत नाही. श्रवणसाधनांच्या इतिहासाचा अभ्यास करताना किमतीच्या हिशेबात ही बाजूही मांडली जाणे आवश्यक आहे.