अपोलो बंदर ते बोरीबंदर : मुंबईच्या कोटातील एक फेरी

बाहेरगावाहून मुंबईस येणारा मनुष्य गेटवे ऑफ इंडिया पाहिल्याशिवाय परत जात नाही. तेथे फोटो काढावा, समुद्राची हवा खावी, कुलाब्याच्या बाजारात थोडी खरेदी करावी आणि बोरीबंदरला गाडी पकडावी, असा त्याचा ठरलेला क्रम असतो. गेटवेपासून बोरीबंदरपर्यंतचे अंतर जेमतेम तीन किलोमीटर. या वाटेवर आपण काय काय मागे टाकून जातो याचा विचार मात्र फार थोडे लोक करतात. वाचकहो, आज आपण ही फेरी पायी करू आणि या इमारती कोणाच्या पैशातून व कशासाठी उभ्या राहिल्या हे पाहू.

प्रथम 'कोट' किंवा 'फोर्ट' हे नाव का पडले ते ध्यानात घ्यावे. अठराव्या शतकाच्या आरंभी इंग्रजांनी येथे तटबंदी बांधली. तिला अपोलो गेट, चर्च गेट आणि बझार गेट असे तीन दरवाजे होते. आजच्या चर्चगेट स्टेशनचे नाव त्यातल्याच एकावरून आले. त्या दरवाजाला ते नाव मिळाले आतल्या सेंट थॉमस चर्चमुळे. हे चर्च १७१८ साली उपासनेसाठी खुले झाले आणि आजही उभे आहे. तटाच्या आत गोऱ्यांची कचेरी, गोदामे व सधन व्यापाऱ्यांची घरे होती. बाहेर मोकळे मैदान, आणि मैदानापलीकडे एतद्देशीयांचे दाट शहर.

१८६०च्या सुमारास काळ पालटला. अमेरिकेत यादवी युद्ध पेटल्याने तिकडचा कापूस इंग्लंडला मिळेनासा झाला आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. गव्हर्नर सर बार्टल फ्रिअर यांच्या कारकीर्दीत तटाच्या भिंती पाडण्यात आल्या. गोविंद नारायण माडगांवकरांचे 'मुंबईचे वर्णन' प्रसिद्ध झाले १८६३ साली, म्हणजे जुनी मुंबई मोडून नवी घडत असतानाच. भिंती पडल्याने जी जागा मोकळी झाली तीवर पुढील पन्नास वर्षांत ग्रंथालये, महाविद्यालये आणि विद्यापीठाच्या इमारती उभ्या राहिल्या. आपल्या फेरीचा खरा विषय हाच आहे.

गेटवेपासून सुरुवात करू. पंचम जॉर्ज बादशहा व मेरी राणी १९११ साली अपोलो बंदरावर उतरले, त्याचे हे स्मारक. १९१३ साली पायाभरणी झाली आणि ४ डिसेंबर १९२४ रोजी ते खुले झाले. शिल्पकार जॉर्ज विटेट यांनी त्याची कमान गुजरातेतील सोळाव्या शतकाच्या वास्तुशैलीवरून घेतली. बादशहाच्या स्वागतासाठी बांधलेल्या याच कमानीखालून २८ फेब्रुवारी १९४८ रोजी शेवटची ब्रिटिश पलटण निघून गेली. मुलांना येथे उभे करून ही दोन सालेच सांगावीत. चोवीस वर्षांत काळ कसा फिरला हे त्यांना आपोआप कळेल.

येथून पाच-सात मिनिटांवर वस्तुसंग्रहालय आहे. पूर्वीचे प्रिन्स ऑफ वेल्स म्युझियम, आताचे छत्रपती शिवाजी महाराज वास्तुसंग्रहालय. हीही विटेट यांचीच कृती. तिच्या घुमटावर विजापूरच्या गोल घुमटाची छाया स्पष्ट दिसते. आत नाशिकच्या एका वाड्याचे कोरीव लाकडी खांब बसवले आहेत. १९१४ साली बांधून झालेली ही इमारत पहिल्या महायुद्धात इस्पितळ म्हणून वापरली गेली आणि संग्रहालय म्हणून १९२२ साली खुली झाली. तिच्यासाठी सर करीमभाई इब्राहिम या खोजा व्यापाऱ्याने तीन लाख रुपये दिले आणि सर कावसजी जहांगीर यांनी पन्नास हजार. त्या काळचे तीन लाख म्हणजे केवढी रक्कम याचा वाचकांनीच अंदाज करावा. येथे अकबराच्या चित्रशाळेतील 'अन्वार-इ-सुहैली'ची चित्रे आहेत. घाईने फिरू नये, निदान दोन तास तरी हाती ठेवावेत.

रस्त्यापलीकडे दोन इमारती शेजारी-शेजारी उभ्या आहेत. एक डेव्हिड ससून ग्रंथालय. ससून हे बगदादहून आलेले ज्यू व्यापारी. त्यांनी साठ हजार रुपये दिले आणि १८७० साली ही वास्तू पुरी झाली. मागच्या बाजूस लहानशी बाग आहे. दुसरी इमारत एल्फिन्स्टन कॉलेजची, पारशी दानशूर कावसजी जहांगीर यांच्या औदार्याची आठवण. या कॉलेजातून डॉ. बाबासाहेब आंबेडकर १९१२ साली बी. ए. झाले.

पुढे विद्यापीठ. मुंबई विद्यापीठाची स्थापना १८५७ची, पण त्याला स्वतःचे घर नव्हते. पदवीदान सभागृहासाठी कावसजी जहांगीर यांनी एक लाख रुपये दिले. प्रेमचंद रायचंद या जैन व्यापाऱ्याने १८६४ साली ग्रंथालय व मनोरा यांसाठी मिळून चार लाख दिले. मनोऱ्याला आपल्या मातोश्रींचे, राजाबाईंचे नाव द्यावे एवढीच त्यांची इच्छा होती. पुढच्याच वर्षी कापसाचा बाजार कोसळला आणि स्वतः प्रेमचंदही बुडाले. तरीही १८७८ साली सुमारे २८० फूट उंचीचा मनोरा पुरा झाला. पैसा गेला, ग्रंथालय राहिले. त्याच्या अंगावर पश्चिम हिंदुस्थानातील निरनिराळ्या जातीजमातींचे पुतळे कोरलेले आहेत. आत जाण्याची परवानगी मिळाली नाही, तरी ओव्हल मैदानावरून हा मनोरा पोटभर पाहता येतो. मैदानाच्या पलीकडे १९३०च्या दशकातल्या आर्ट डेको घरांची रांग आहे. मैदानाच्या दोन्ही बाजूंच्या या वास्तूंना २०१८ साली युनेस्कोने जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली.

विद्यापीठाला लागूनच उच्च न्यायालयाची वास्तू आहे, तीही १८७८ची. १८९७ साली लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला झाला तेव्हा त्यांना जामीन दिला तो न्यायमूर्ती बद्रुद्दीन तय्यबजी यांनी. १९०८च्या खटल्यात टिळकांनी जेथे आपले प्रसिद्ध उद्गार काढले, तेथे त्या उद्गारांची शिला १९५६ साली बसवली गेली. तिचे अनावरण केले मुख्य न्यायाधीश महंमद करीम छागला यांनी.

तेथून हुतात्मा चौक. १८६४ सालचे फ्लोरा फाउंटन हे कारंजे जुन्या चर्च गेटच्या जागेवर आहे. शेजारी संयुक्त महाराष्ट्रासाठी प्राण दिलेल्यांचे स्मारक. क्षणभर थांबल्याशिवाय पुढे जाऊ नये. पूर्वेस थोडे चालले की हॉर्निमन सर्कलची बाग आणि तिच्यासमोर टाउन हॉलच्या रुंद पायऱ्या लागतात. १८३३ साली पुऱ्या झालेल्या या इमारतीत एशियाटिक सोसायटीचे ग्रंथालय आहे. सोसायटीचा आरंभ १८०४चा. तिच्या संग्रहात अकबराची सोन्याची मोहर आहे आणि शिवाजी महाराजांची नाणीही आहेत.

आता बोरीबंदर. एफ. डब्ल्यू. स्टीव्हन्स यांनी बांधलेले रेल्वे स्टेशन १८८८ साली पुरे झाले. १९९६ पासून ते छत्रपती शिवाजी महाराजांच्या नावाने ओळखले जाते आणि २००४ साली तेही जागतिक वारसा ठरले. सर्वांची नजर त्याच्यावर खिळते. परंतु वाचकहो, जरा पाठ फिरवून रस्त्यापलीकडे पाहा. घुमट आणि कमानींची ती इमारत अंजुमन-इ-इस्लामची आहे.

तिचे महत्त्व समजण्यासाठी मघाचा राजाबाई मनोरा आठवावा. विद्यापीठ स्थापन झाले, सभागृह आले, घड्याळाचे टोले शहरभर ऐकू जाऊ लागले. पण त्या काळी विद्यापीठाच्या परीक्षांना बसणारे मुसलमान विद्यार्थी अत्यंत थोडे होते. व्यापारात पैसा होता, दानतही होती, पण नव्या शिक्षणाकडे पाठ होती. बद्रुद्दीन तय्यबजी यांनी विलायतेत बॅरिस्टर होऊन १८६७ साली मुंबईत वकिली सुरू केली. ही उणीव त्यांना रोज दिसत असली पाहिजे, कारण त्यांचे कामकाज याच कोटात चाले. त्यांनी, त्यांचे बंधू कमरुद्दीन यांनी आणि इतर मंडळींनी मिळून १८७४ साली अंजुमन स्थापली. पहिली शाळा १८८० साली बाबुला टँक येथे निघाली, आणि १८९३ साली समाजाच्या देणग्या व सरकारी साहाय्य यांतून ही इमारत उभी राहिली. हेच बद्रुद्दीन १८८७ साली राष्ट्रीय सभेचे अध्यक्ष झाले. त्यांनी शाळा एखाद्या आडगल्लीत नेली नाही, शहराच्या दर्शनी दारात आणली. स्टेशनातून बाहेर पडणाऱ्या मुलाला समोर शाळा दिसावी, याहून मोठा उपदेश कोणता?

पायांत बळ असेल तर क्रॉफर्ड मार्केटवरून पुढे जाऊन जामा मशीद पाहावी. किल्ल्याभोवतीचे मैदान मोकळे करताना मुसलमानांची जुनी मशीद पाडली गेली. त्यानंतर ही नवी मशीद १७७५ साली बांधावयास घेतली व १८०२ साली पुरी झाली. जुन्या तळ्यावर काळ्या दगडाच्या कमानी उभारून त्यांवर ती बांधली आहे. नाखुदा महंमद अली रोगे या कोकणी व्यापाऱ्याने १८३७ साली तिच्यावर आणखी एक मजला चढवला.

फेरी संपली. एका दिवसात आपण ज्यू, पारशी, जैन आणि मुसलमान दात्यांच्या दारांवरून आलो. कोणीही आपल्या देणगीचा लाभ आपल्याच जातीपुरता ठेवला नाही. संग्रहालयाच्या दारात कोणी कोणाचा धर्म विचारत नाही. तट पाडून मिळालेल्या जागेवर त्यांनी पुन्हा तट बांधले नाहीत, हा या वास्तूंचा खरा इतिहास आहे.

म्हणून शिक्षकांना व पालकांना विनंती अशी की, पुढच्या सहलीत मुलांना गेटवेवरूनच परत आणू नका. एखाद्या ग्रंथालयाची पायरी चढू द्या, दात्यांची नावे कोरलेल्या शिला वाचू द्या. आणि घरी आल्यावर एकच प्रश्न विचारा : पुढच्या पिढीने वाचावी अशी एखादी पाटी आपल्या गावात आपण लावणार आहोत काय?