मागणीनुसार भारण
आज्ञावलीचे सर्व भाग आरंभीच स्मृतीत न आणता ज्याची गरज पडेल तेवढाच भाग त्या वेळी आणण्याची पद्धती. वेब अनुप्रयोगांमुळे ती ‘लेझी लोडिंग’ या नावाने परिचित झाली असली, तरी तिचे मूळ वेबपेक्षा जवळजवळ तीस वर्षांनी जुने आहे.

आरंभीच्या संगणकांत प्रमुख स्मृती महाग व अपुरी असे. आज्ञावलीचे तुकडे पाडणे आणि ते चुंबकीय ड्रमवरून केव्हा आणावयाचे हे ठरविणे, हे कष्टाचे काम आज्ञावलीकारालाच करावे लागे. मँचेस्टर विद्यापीठात टॉम किलबर्न व त्यांच्या सहकाऱ्यांनी फेरँटी कंपनीच्या साहाय्याने तयार केलेल्या ॲटलस संगणकाने (१९६२) हे काम यंत्राकडे सोपविले. त्यात स्मृतीचे प्रत्येकी ५१२ शब्दांच्या पृष्ठांत विभाजन केलेले होते. हवे असलेले पृष्ठ गाभा-स्मृतीत नसल्यास चालू काम थांबवून ते ड्रमवरून आणले जाई. एक जागा नेहमी रिकामी ठेवीत, त्यामुळे नवे पृष्ठ येण्यास खोळंबा होत नसे. कोणते जुने पृष्ठ परत पाठवावयाचे, याचा निर्णय मागाहून घेतला जाई. मात्र स्मृती फारच अपुरी पडल्यास संगणकाचा सारा वेळ पृष्ठांच्या ने-आणीतच खर्च होतो. या अवस्थेची मीमांसा पीटर डेनिंग यांनी १९६८ मध्ये केली. मल्टिक्स प्रणालीत तर उपआज्ञावलीची जोडणीसुद्धा तिचा प्रथम उल्लेख होईपर्यंत लांबणीवर टाकली जाई.

वेब अनुप्रयोगात ड्रमची जागा दूरच्या सर्व्हरने व गाभा-स्मृतीची जागा ब्राउझरने घेतली. अनुप्रयोग मोठा असल्यास पहिला पडदा दिसण्यापूर्वीच सर्व जावास्क्रिप्ट उतरवून घ्यावी लागते. मंद जोडणीवर हा विलंब असह्य होतो. अँग्युलरच्या दुसऱ्या आवृत्तीत (२०१६) मार्गनिर्देशकातील एखाद्या पत्त्याशी मॉड्यूल निगडित करून, त्या पत्त्यावर वापरकर्ता गेल्यावरच ते आणण्याची सोय होती. रिॲक्टमध्ये अशी सोय घटकांसाठी २०१८ मध्ये आली, तर २०२० च्या एक्मास्क्रिप्ट मानकात गतिमान आयातीचा समावेश झाला. विलंब यामुळे नाहीसा होत नाही, तो पुढे ढकलला जातो. म्हणून पहिला पडदा उमटल्यावर उरलेली मॉड्यूले पार्श्वभूमीवर आणून ठेवण्याचा पर्यायही अँग्युलरच्या मार्गनिर्देशकात आहे.

ॲटलसशी असलेले साम्य येथे संपते. ड्रम त्याच यंत्राचा भाग होता. सर्व्हरवरील फाइली मात्र वापरकर्त्याच्या नकळत बदलतात. नवी आवृत्ती चढविताना जुन्या फाइली काढून टाकल्या, तर आधीपासून उघडे असलेले पान अस्तित्वात नसलेल्या फाइलीची मागणी करते आणि तो मार्ग उघडत नाही.