विवाहित स्त्रीचा देश कोणता?

लग्नात मुलीचे गोत्र बदलते, आडनाव बदलते. आपल्याकडे पुष्कळ घरांत तांदळाच्या ताटात अंगठीने लिहून तिचे पाळण्यातले नावही बदलण्याची चाल आहे. पण अक्षता पडताच तिचा देशही बदलतो, असे कोणी म्हटले तर नवल वाटेल. तरीही शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी पुढारलेली म्हणवणाऱ्या राष्ट्रांचे कायदे नेमके हेच सांगत होते. आपल्यापैकी अनेकींच्या मुली व सुना आज परदेशी स्थायिक झाल्या आहेत. तेथील नागरिकत्व मिळाल्यावर त्या पासपोर्टचा अर्ज भरतात, तेव्हा विवाहासंबंधीचा रकाना त्यांना किरकोळ वाटतो. त्या रकान्यामागचा इतिहास मात्र किरकोळ नाही.

पत्नीने पतीचे राष्ट्रीयत्व घ्यावे हा नियम फ्रान्समध्ये १८०४ च्या नागरी संहितेने घालून दिला. ब्रिटनने १८७० च्या कायद्यात विवाहित स्त्री ही तिचा पती ज्या राज्याचा प्रजाजन असेल त्याच राज्याची प्रजाजन समजावी, असे ठरवले. १९१४ च्या ब्रिटिश कायद्यानेही हे तत्त्व कायम ठेवले, आणि हिंदुस्थानात जन्मलेल्या ब्रिटिश प्रजाजन स्त्रियाही त्याच्या कक्षेत आल्या. कुटुंब एक, म्हणून त्याचे राष्ट्र एक, असा यामागचा युक्तिवाद. परंतु ते राष्ट्र नेहमी पुरुषाचेच का असावे, हा प्रश्न कायदे करणाऱ्यांना फारसा पडला नाही.

अमेरिकेने १८५५ मध्ये नागरिकाशी लग्न करणाऱ्या परदेशी स्त्रीला आपोआप नागरिक करून घेतले. मात्र ज्या स्त्रीला कायद्याने नागरिक होता येत होते, तिच्यापुरतीच ही सवलत होती. तिला अर्ज नको, शपथ नको; लग्नाचा पुरावा पुरे. ही झाली एक बाजू. १९०७ मध्ये दुसरी बाजू पुढे आली : परदेशी पुरुषाशी लग्न करणारी अमेरिकन स्त्री अमेरिकन राहणार नाही.

कॅलिफोर्नियातील एथेल मॅकेन्झी हिने १९०९ साली एका ब्रिटिश गायकाशी लग्न केले. ती जन्मली अमेरिकेत, राहिली अमेरिकेत. १९११ मध्ये तिच्या राज्यात स्त्रियांना मताधिकार मिळाला, आणि ती मतदार म्हणून नाव नोंदवायला गेली. अधिकाऱ्यांनी तिला सांगितले की, तू आता परदेशी आहेस. ती सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली. १९१५ मध्ये निकाल तिच्या विरुद्ध लागला. तिने लग्न आपल्या खुशीने केले, तेव्हा त्याचा परिणामही तिने पत्करला, असे न्यायालयाचे म्हणणे. घर सोडले नाही, गाव सोडले नाही, आणि तरी देश गेला!

१९२० मध्ये अमेरिकेतील स्त्रियांना देशभर मताधिकार मिळाला आणि दोनच वर्षांत केबल कायदा आला. या १९२२ च्या कायद्याने बहुतेक विवाहित स्त्रियांचे नागरिकत्व पतीपासून वेगळे केले. नागरिकाशी लग्न झालेल्या परदेशी स्त्रीलाही आता स्वतः अर्ज करून, स्वतः शपथ घेऊन नागरिक व्हावे लागले. पण कायद्यात एक काटा राहिला : ज्या पुरुषाला वंशामुळे नागरिक होता येत नाही, त्याच्याशी लग्न करणारी स्त्री आपले नागरिकत्व गमावीत असे.

हा काटा हिंदी माणसांनाही बोचला. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने हिंदी लोक नागरिकत्वास पात्र नाहीत असा निर्णय दिला. आधी नागरिक झालेल्या हिंदी लोकांचेही नागरिकत्व रद्द करण्याचे खटले सुरू झाले. थिंद यांचे वकील सखाराम गणेश पंडित १९१४ पासून नागरिक होते. नाव मराठी वळणाचे असले तरी त्यांचा जन्म अहमदाबादचा. त्यांची पत्नी अमेरिकन होती. पंडितांचे नागरिकत्व गेले असते तर तिचेही जाण्याचा धोका होता. पंडित स्वतःचा खटला लढले, जिंकले, आणि १९२७ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सरकारचे अपील ऐकण्यास नकार दिला. बंगाली क्रांतिकारक तारकनाथ दास यांच्याशी १९२४ मध्ये विवाह केलेल्या मेरी दास यांना मात्र आपले जन्मजात नागरिकत्व गमवावे लागले. आपण देशहीन झालो, ही व्यथा त्यांनी १९२६ साली 'द नेशन' या साप्ताहिकातून मांडली. तो काटा कायद्यातून निघाला १९३१ मध्ये. आणि हिंदी लोकांना अमेरिकन नागरिक होण्याची वाट १९४६ मध्ये मोकळी झाली.

नागरिकत्वाबरोबर पासपोर्टवरच्या नावाचीही लढाई चालू होती. त्या काळी पत्नीची नोंद बहुधा पतीच्याच पासपोर्टवर 'आणि पत्नी' एवढीच असे. १९२१ मध्ये न्यूयॉर्कला स्थापन झालेल्या लूसी स्टोन लीगने विवाहित स्त्रीला माहेरचे नाव ठेवण्याचा हक्क मागितला. १९२५ मध्ये डोरिस फ्लाइशमन या विवाहित लेखिकेला माहेरच्या नावाचा पासपोर्ट मिळाला. 'अमक्याची पत्नी' असे शब्द त्यानंतरही काही वर्षे लिहिले जात. अमेरिकेच्या पासपोर्ट विभागाने ती पद्धत १९३७ मध्ये सोडली.

ब्रिटनमध्ये १९४८ च्या कायद्याने, म्हणजे १९४९ च्या आरंभापासून, परदेशी माणसाशी लग्न केल्याने स्त्रीचे राष्ट्रीयत्व जाणे थांबले. संयुक्त राष्ट्रांनी १९५७ मध्ये विवाहित स्त्रियांच्या राष्ट्रीयत्वाविषयीचा करार संमत केला. तो १९५८ पासून अंमलात आला. विवाह, घटस्फोट किंवा पतीचे बदललेले राष्ट्रीयत्व यांनी पत्नीचे राष्ट्रीयत्व आपोआप बदलू नये, हे त्याचे सार. आपल्या १९५५ च्या नागरिकत्व कायद्यातही निव्वळ लग्नाने भारतीय स्त्रीचे नागरिकत्व जात नाही. भारतीय नागरिकाशी लग्न केलेल्या परदेशी स्त्रीसाठी नोंदणीची सोय त्यात होती. परदेशी पतीला तीच सोय मिळायला १९८६ उजाडावे लागले. आणि परदेशात जन्मलेल्या मुलाला आईकडून भारतीय नागरिकत्व मिळण्याची तरतूद तर १९९२ ची.

आता आजच्या रकान्याकडे वळू. अमेरिकेत नागरिकत्वाची मुलाखत आणि शपथ यांच्यामधल्या काळात लग्न, घटस्फोट किंवा वैधव्य आले काय, हे शपथेच्या वेळी विचारतात. नागरिकत्वाच्या प्रमाणपत्रावर वैवाहिक स्थिती लिहिलेली असते. ती त्या दिवसाची नोंद होय; पुढे लग्न झाले म्हणून ते प्रमाणपत्र खोटे ठरत नाही. नंतर पासपोर्टच्या अर्जात आजची स्थिती लिहायची असते : कधी विवाह झाला होता काय, पतीचे नाव व जन्मस्थान, विवाहाची तारीख, आणि घटस्फोट वा वैधव्य आले असल्यास त्याची तारीख. प्रमाणपत्र माहेरच्या नावाचे व पासपोर्ट सासरच्या नावाचा हवा असेल, तर विवाहाचा दाखला जोडावा लागतो.

आपल्या मुलींना येथेच अडचण येते. जन्मदाखल्यावर एक नाव, लग्नातले दुसरे, मधल्या जागी कधी वडील तर कधी पती! म्हणून मुलगी निघताना पापड-लोणच्यांच्या बरण्यांबरोबर विवाहनोंदणीचा दाखलाही तिच्या सामानात घालावा. घटस्फोटाचा हुकूमनामा लाजेने दडवून ठेवू नये, आणि जुनी नोंद मोडेल या भीतीने नवे लग्न लपवू नये. अर्जात जाणूनबुजून खोटे लिहिणे हा तेथे गुन्हा आहे. खरे लिहिल्याने काहीच जात नाही.

एथेल मॅकेन्झीने लग्नाची गोष्ट सांगितली तेव्हा तिचा देश गेला. आज आपली मुलगी तीच गोष्ट सांगते आणि तिच्या स्वतःच्या नावाचा पासपोर्ट तिच्या हाती पडतो. मधल्या काळात किती स्त्रिया न्यायालयांच्या पायऱ्या चढल्या, हे तिला ठाऊक असावे, इतकेच.