मोडीत घालण्याआधी

गटाची सहल म्हटली की देहू, आळंदी ठरलेलीच. या वेळी एक दिवस पुण्याला संग्रहालय बघायला जाऊ या.

बाजीराव रस्त्याजवळ राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर केळकरांचे चष्म्याचे दुकान होते. 1920 नंतर त्यांना जुन्या वस्तूंचा नाद लागला. गावोगाव हिंडून, पदरमोड करून त्यांनी त्या जमवल्या. पत्नी कमलाबाईंनी साथ दिली. मुलगा राजा लहानपणीच गेला. त्याचेच नाव संग्रहालयाला दिले. पुढे सगळा संग्रह महाराष्ट्र सरकारच्या हाती सोपवला. आज तिथे सुमारे 20 हजार वस्तू आहेत.

काय आहे तिथे? दिवे, अडकित्ते, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या. वज्रीसारख्या साध्या वस्तूवरही पक्षी घडवलेला! हे सगळे आपल्या आजीच्या हातातले. पण ती वापरणारी बाई कोण, हे मात्र बहुतेक वेळा कुणालाच ठाऊक नसते.

आपल्या चाकण-भोसरी पट्ट्यात कारखाने आले, जुने वाडे पडले, तांब्या-पितळेची भांडी मोडीत गेली. त्यांच्याबरोबर बायकांच्या आठवणीही गेल्या.

म्हणून बसने नाशिक फाटा गाठा, तिथून मेट्रोने मंडईला उतरा. संग्रहालय तिथून जवळच आहे. बघून घरी आलात की सासूबाईंना विचारा, हा तांब्या कुणाच्या रुखवतातला? उत्तर गटाच्या वहीत नावासकट लिहा. भांडे मोडीत घालायचे की नाही, ते मग ठरवा.