रॉक हाउसच्या अंगणातील ऊन

मनुष्याची प्रतिमा टिपावयाची तर आधी त्याला उन्हात नेऊन बसविले पाहिजे, ही सक्ती छायाचित्रणकलेवर तिच्या बाल्यावस्थेतच येऊन पडली. आणि त्या सक्तीतूनच जागा पारखण्याची व ती सिद्ध करण्याची विद्या कशी उदयास आली, हे पाहावयाचे तर १८४३ सालच्या एडिंबरोत जावे लागते. त्या वर्षीच्या मे महिन्यात, उपाध्यायांच्या नेमणुकांत जमीनदारांचा व सरकारचा हात चालतो याला विटून, स्कॉटलंडातील शेकडो धर्मोपदेशकांनी आपल्या वेतनांवर व राहत्या घरांवर पाणी सोडले आणि प्रस्थापित चर्चशी फारकतीच्या दस्तऐवजावर सह्या केल्या. हा प्रसंग एका विशाल चित्रात उतरविण्याचा संकल्प डेव्हिड ऑक्टेव्हियस हिल या चित्रकाराने सोडला. परंतु आपापल्या गावी पांगणाऱ्या इतक्या मंडळींचे चेहरे रेखाटावयाचे कसे, हा पेच होता. प्रकाशशास्त्रज्ञ सर डेव्हिड ब्रूस्टर यांनी त्याची गाठ रॉबर्ट अ‍ॅडमसन या छायाचित्रे टिपणाऱ्या बाविशीतल्या तरुणाशी घालून दिली. टॅल्बट या इंग्रज संशोधकाच्या, कागदावर प्रतिमा टिपण्याच्या कॅलोटाइप पद्धतीचे पेटंट इंग्लंडात लागू असले तरी स्कॉटलंडात नव्हते, त्यामुळे तेथे ती पद्धत कोणासही मुक्त होती.

कॅल्टन टेकडीवरील रॉक हाउस या घराचे दक्षिणेकडे उघडे अंगण ही या दोघांची चित्रशाळा झाली. रौप्यक्षारांचा लेप दिलेला कागद प्रकाश इतका सावकाश ग्रहण करी की भर उन्हातही मिनिट-दोन मिनिटे बैठक मोडता येत नसे, आणि मेघ आड आले की त्याहूनही अधिक. मग घरातील सारा सरंजाम अंगणात येई: कोरीव पाठीची खुर्ची, मेज, जाडजूड ग्रंथ, भिंतीवर सोडलेला पडदा. पाहणाऱ्यास वाटावे, हे गृहस्थ आपल्या अभ्यासिकेत चिंतनमग्न बसले आहेत. परंतु नाकाखाली पडलेली काळीभोर सावली व भुवयांच्या आड बुडालेले डोळे सांगतात की माथ्यावर ऊन आहे. हाताचा टेकू गालाला दिलेला, कोपर ग्रंथावर रोवलेले, ही आसने विचारवंताची म्हणून शोभली, तरी त्यांचे मूळ प्रयोजन मस्तक हलू न देणे हेच होते. गरजेला इतके डौलदार रूप देणे, ही मला हिलची खरी प्रतिभा वाटते.

शहरातील ग्रेफ्रायर्सच्या कबरस्तानात चित्रे टिपताना मात्र काही वाहून नेण्याची गरज नव्हती. सतराव्या शतकातील थडग्यांवरचे कोरीव स्तंभ व शिळा तेथे टेकावयास आयत्या मिळत, खडबडीत दगडावर ऊन-सावलीची नक्षी उमटे, आणि हिल स्वतःही रेखाटन करीत असल्याच्या आविर्भावात यांतील काही चित्रांत दिसतो.

परंतु या जोडीचे सर्वश्रेष्ठ काम झाले ते शहराच्या उत्तरेस, फोर्थच्या खाडीवरील न्यूहेवन या मासेमाऱ्यांच्या गावी. तेथे त्यांनी जागा लपविली नाही. किनाऱ्यावर ओढलेली होडी, घरांच्या दगडी पायऱ्या आणि वेताच्या टोपल्या यांनाच त्यांनी आसने केले. पट्ट्यापट्ट्यांचे जाड झगे नेसलेल्या कोळिणी परस्परांच्या खांद्यांना रेलून बसल्या, आणि मस्तक स्थिर ठेवण्याची जी तजवीज पूर्वी ग्रंथ करीत, ती आता शेजारणीचा खांदा करू लागला. कागदाच्या तंतूंमुळे तपशील पुसट होत. तो दोष न मानता हिलने त्यातच या पद्धतीचा प्राण पाहिला. साडेचार वर्षांत सुमारे ३००० प्रतिमा करून अ‍ॅडमसन १८४८च्या जानेवारीत, अवघ्या सव्विसाव्या वर्षी निवर्तला. ज्या चित्रासाठी हा खटाटोप आरंभिला, ते हिलने १८६६ साली पुरे केले.

मुंबईकरांना या इतिहासात एक ओळखीचा माणूस भेटतो. मिशनरी डॉ. जॉन विल्सन यांच्या शाळेतील धनजीभाई नवरोजी या पारशी तरुणाने १८३९ साली ख्रिस्ती धर्म स्वीकारल्याने मुंबईत मोठा क्षोभ माजला आणि प्रकरण सुप्रीम कोर्टापर्यंत गेले. पुढे तो विल्सनांसमवेत एडिंबरोस गेला, आणि हिल-अ‍ॅडमसन यांनी टिपलेली त्याची प्रतिमा आज उपलब्ध आहे.

मुंबईची फोटोग्राफिक सोसायटी १८५४ साली स्थापन झाली, आणि तिच्या आरंभीच्या सभासदांपैकी विल्यम जॉन्सन याने मुंबईच्या जातीजमातींवरचे दोन खंड १८६३ व १८६६ साली काढले. त्यातील कित्येक चित्रांत मात्र क्रम उलटा आहे: माणसे एका ठिकाणी बसवून टिपली आणि मंदिर, तलाव, इमारती यांची पार्श्वभूमी निराळ्या चित्रातून आणून त्यामागे जोडली. पावलांपाशी नजर लावली तर तो सांधा ध्यानात येतो. वेशभूषेची नोंद म्हणून या खंडांचे मोल मोठेच आहे. पण त्या माणसांच्या अंगावरचे ऊन आणि मागच्या भूमीवरचे ऊन एक नाही, आणि न्यूहेवनच्या कोळिणींना जे सहज लाभले ते आपल्या लोकांना त्या पानांवर लाभले नाही, याची खंत वाटते.